आषाढात टोकन देत नाहीत

२९ जून, रविवार

ही रोजनिशी एक तारखेपासून सुरू करायची होती. कुठल्या महिन्याच्या, ते ठरलं नव्हतं, म्हणून राहून गेलं. वही मार्चमध्येच आणली आहे. पहिल्या पानावर कूर्गच्या ट्रिपमध्ये भेटलेल्या हत्तीचं चित्र काढलं होतं, ते फाडलं. आता रोज लिहिणार.

चैत्रा सोमवारी माहेरी गेली, मंड्याला. लग्नानंतरचा पहिला आषाढ. सासू-सुनेनं एका उंबऱ्यावरून जायचं नसतं. माझी अम्मा नंजनगूडजवळ गावात, आम्ही म्हैसुरात. एक उंबरा येणार कुठून? पण सासरे गाडी घेऊन हजर. म्हणाले, जावईबापू, रीत म्हणजे रीत, तिला उंबरे मोजता येत नाहीत.

गाडीत बसताना चैत्रा म्हणाली, "अहो, विकत घ्या नाहीतर भाड्यानं घ्या, पण श्रावण लागायच्या आत एक काहीतरी ठरवा. मला परत यायला घर पाहिजे. नसलं तर मी मंड्यातच बरी." मी म्हटलं, बघच तू.

मुद्दा असा आहे. जयम्मा, म्हणजे आमची घरमालकीण, ज्येष्ठात म्हणाली, श्रावणापासून मागची खोली महिन्याच्या भाड्यानं देणार नाही, भोग्यावर देणार. एकदम मोठी रक्कम ठेवा, तीन वर्षं बिनभाड्याचं राहा, जाताना रक्कम परत न्या. जमत नसेल तर खोली सोडा. मी जागच्या जागी सांगून टाकलं, "जयम्मा, आम्ही घर विकत घेतोय. लावा खुशाल पाटी." चैत्रा भांडी घासत होती. तिचा हात थांबला. अभिमान वाटला असणार.

पाटी गेल्या रविवारी लागली आणि सोमवारीच उतरली. गिऱ्हाईक नसणार. मार्केट झोपलंय.

१ जुलै, मंगळवार

माझी योजना. आषाढात कोणी घर घेत नाही, बदलत नाही, टोकन देत नाही. म्हणजे अख्ख्या म्हैसुरात घर बघणारा मी एकटा. भाव मी म्हणेन तो. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली कशी नाही?

चिक्कण्णा ब्रोकरला सात वेळा फोन. आठव्यांदा उचलला. म्हणाला, अरे नंजुंडा, आषाढात मी फोन उचलतच नाही, हा चुकून लागला बोटाला.

४ जुलै, शुक्रवार

आषाढातला शुक्रवार, म्हणून चामुंडीच्या डोंगरावर. देवीला सरळ विचारणार होतो, विकत की भाड्यानं. रांगेत पुढे जुना दोस्त मादेश भेटला, उटी लाइनवर आम्ही दोघंही टॅक्सी चालवायचो. बोलता बोलता देवीसमोर कधी आलो आणि पुढे कधी ढकललो गेलो, कळलं नाही. विचारायचं राहिलं. प्रसादाचा बिसीबेळे भात चांगला होता, तीनदा घेतला. मग मादेशची नवी गाडी बघायला गेलो. तो म्हणाला, घर कशाला घेतोस, गाडी घे, घर काय तुला उटीला नेणार आहे का? मुद्दा आहे त्याचा.

६ जुलै, रविवार

चिक्कण्णा अखेर आला. रिंगरोडच्या पलीकडे एक घर. मालक निवृत्त मास्तर. दार उघडून म्हणाले, बघा, पण बोलू नका. आषाढात मी भावाचं बोलत नाही. आम्ही गप्प बघितलं. मागे पेरूचं झाड. मास्तरांनी खुणेनं घ्या म्हटलं. मऊ पेरू, आत गुलाबी. अशी जात आता मिळत नाही, रोप कुठून आणलं हे विचारायचं होतं, पण बोलायचं नव्हतं. बराच वेळ तिथे गेला.

परत येताना चिक्कण्णानं विचारलं, न्हाणीघर कसं वाटलं? न्हाणीघर होतं?

घर बहुतेक हेच घेणार.

९ जुलै, बुधवार

बँक. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पगाराची स्लिप आणा. मी म्हटलं, मी टूरिस्ट गाडी चालवतो, दुसऱ्याची, सीझनला. तो म्हणाला, मग सीझनची स्लिप आणा. त्याला वाटलं विनोद झाला. शेजारची बाई हसलीही.

बाहेर आलो. काही वाटलं नाही. खरं तर हप्ते म्हणजे स्वतःला वीस वर्षं एका खुंटीला बांधून घेणं. मी एका गावात सलग वर्षभरही कधी राहिलो नाही. हंपीला सायकली भाड्यानं दिल्या, गोकर्णला शहाळी विकली. माझ्यासारख्या माणसाला भाड्याचंच घर शोभतं. ठरलं. भाड्यानं.

चैत्राला कळवायला फोन केला. डेंटिस्टकडच्या तिच्या रिसेप्शनच्या नोकरीवर ती मंड्याहून रोज बसनं येते-जाते आहे. बसमध्ये होती, आवाज तुटत होता. "ठरलं का?" म्हणाली. मी म्हटलं, जवळजवळ. 'भाड्यानं' हा शब्द भेटूनच सांगावा.

११ जुलै, शुक्रवार

जयम्मा आमच्या स्वयंपाकघराला रंग देतेय. कोवळा हिरवा. माझं मन वळवायचा प्रयत्न, दुसरं काय. पण रंग चांगला आहे. चैत्रा लग्नापासून याच रंगाच्या मागे होती, जयम्मानं कधी मनावर घेतलं नाही. आता सगळं आठवतंय.

१२ जुलै, शनिवार

फळीवर डोकं आपटलं. वरची फळी सुतारानं हातभर खाली आणली आहे. जयम्माला म्हटलं, हे काय? म्हणाली, नव्या भाडेकरणीला तशीच पाहिजे. म्हणजे गिऱ्हाईक मिळालंय तर. मी म्हटलं, बुटकी दिसतेय! जयम्मा तोंडाला पदर लावून आत गेली.

ही फळी उंच होती तेव्हा चैत्रा रोज हाक मारायची, अहो, डबा. चहाचा एकदा, साखरेचा एकदा. दोन्ही एकदम कधी मागितले नाहीत तिनं. आता डबे हाताशी आहेत. साखर संपली आहे.

१३ जुलै, रविवार

उटीची ट्रिप आली. घर शोधायला मन ताजं पाहिजे. चार दिवसांत येतो.

१७ जुलै, गुरुवार

ट्रिपचा फायदा झाला. बेंगळुरूचं कुटुंब होतं. पुढे बसलेले काका म्हणाले, मार्केट कोसळणार, आता घर घेणारा मूर्ख. मागे बसलेला त्यांचा मेहुणा म्हणाला, मार्केट दुप्पट होणार, आता न घेणारा मूर्ख. घाटाच्या प्रत्येक वळणावर भांडले. मी दोघांनाही हो म्हणत होतो. उतरताना दोघांनी वेगवेगळी बक्षिशी दिली.

निष्कर्ष: थांबणं हाच शहाणपणा. घाई करणारे दोन्हीकडून मूर्ख ठरतात.

२० जुलै, रविवार

चैत्राचा फोन. तिनं ठरलं का विचारलं नाही. जेवता का विचारलं. मग म्हणाली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगरावरचे दिवे दिसतात का हो? आषाढात जास्त लावतात ना. मी म्हटलं, रंगाऱ्यानं काचेवर पेपर चिकटवलाय. ती म्हणाली, मग काढा की. मी म्हटलं, आता आपल्याला काय करायचंय त्या खिडकीशी?

 मग म्हणाली, "बरं."

पेपर काढणार होतो. त्यावर कबड्डीची बातमी होती, अर्धी. दुसरा अर्धा दाराच्या काचेवर मिळाला.

२१ जुलै, सोमवार

गल्लीतल्या मारम्माच्या देवळात कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल चिकटवतात. उजवं पडलं तर विकत, डावं पडलं तर भाड्यानं, असं मनात धरून बसलो. एकही पडेना. पुजारी म्हणाला, काय मागितलंस? सांगितलं. म्हणाला, "अरे बाबा, एका वेळी एकच विचारायचं असतं, हो की नाही. तू तर देवीलाच ब्रोकर केलंस. ऊठ, मागे मुलीच्या लग्नाचं विचारणारे खोळंबलेत."

मी उठलो आणि त्यांचं फूल लगेच पडलं. उजवं.

मास्तरांच्या घराचं विचारायला चिक्कण्णाला फोन केला. ते घर गेलं. घेणाऱ्यानं ज्येष्ठातच टोकन देऊन ठेवलं होतं. मी म्हटलं, मग मला दाखवलं कशाला? म्हणाला, तू पाहिजे म्हणालास. आणि पेरू खाल्लेस ना?

२४ जुलै, गुरुवार, भीमन अमावास्या

आज बायका नवऱ्याचे पाय धुऊन पूजा करतात. आमची पहिलीच. मंड्याला जायचं होतं, पण बातमी घेऊनच येईन असं सांगून ठेवलं होतं, आणि बातमी नाही. म्हटलं, ती येईल. सकाळी पाय घासून धुतले. नखं कापली. खुर्चीत बसलो. फरशी ओली होती, म्हणून पाय स्टुलावर ठेवले. अकराला परत धुतले. दुपारी कळलं की मी कोणाची वाट बघत नाहीये, नुसता बसलोय. वाईट वगैरे वाटलं नाही. पायांकडे बघत होतो. पाय बरे आहेत.

संध्याकाळी जयम्मा दारात. ओब्बट्टू दिला, पुरणाचा. म्हणाली, "नंजुंडा, उद्या सकाळी नवी मंडळी गृहप्रवेशाचं दूध उतू घालायला येणार. शेगडी मोकळी ठेव, आणि तुझा पसारा आवर." मी म्हटलं, यांना आषाढातच कसं ठरवता आलं? म्हणाली, "आषाढात कशाला? टोकन त्या सोमवारी सकाळीच घेतलं मी, आषाढ लागायच्या आधी. म्हणून तर पाटी उतरवली. शहाणी माणसं असंच करतात, बाबा." मी म्हटलं, काहींना घाई फार.

पसारा गाडीत मावला. माझं सामान मी समजत होतो त्याहून कमी आहे. तिचं कपाट तसंच ठेवलं, ते घर ठरलं की नेऊ. तोवर मी गाडीतच राहीन. भाडं नाही, हप्ता नाही, तोंड पूर्वेला करता येतं. हे आधीच सुचायला हवं होतं. गाडीच्या मालकाला सांगितलेलं नाही.

शेवटी खिडकीवरचा पेपर काढला. धुकं होतं.

२५ जुलै, शुक्रवार, सकाळ

श्रावण लागला. फाटकाबाहेर गाडीत बसून लिहितोय. गल्लीत तीन घरांपुढे टेम्पो, सगळीकडे गाद्या आणि तुळशी. एकाच दिवशी सगळं गाव घर बदलतं, आणि म्हणे मार्केट झोपलंय.

जयम्मा ओट्यावरून ओरडते आहे, "नंजुंडा, किल्ली! आणि गाडी मागे घे, पाहुण्यांना आत येऊ दे." किल्ली माझ्या खिशात आहे. गाडी मागे घेतली.

मागून पांढरी गाडी आली. सासरे उतरले. मला समजवायला आले असणार. मी मान खाली घालून लिहितोय, म्हणजे कामात आहे असं दिसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डिकीतून नारळ आणि केळीचे खुंट काढले, जयम्माला नमस्कार केला. जयम्मा म्हणाली, भाडेकरीण कुठाय?

मागचं दार उघडलं. दुधाचं पातेलं सांभाळत एक बुटकी बाई उतरते आहे.

चैत्रा आहे.