चाळीस नंबरवर कुणी नाही

३ जून, सोमवार
आधी कबूल करून टाकतो, मी खोटं बोलून इथं लागलो. डिप्लोमा झालाय म्हणालो. झालेला नाही, शेवटच्या वर्षी परीक्षेऐवजी कोडाईकनालला फिरायला गेलो होतो. पण तिरुप्पूरमध्ये कॉम्प्युटर येणारा पोरगा म्हटलं की कुणी कागद बघत नाही.

कारखाना झकास. कशिद्याच्या खोलीत बारा कॉम्प्युटर, प्रत्येकाला एक कशिद्याचं मशीन जोडलेलं. सध्या बाळांचे फ्रॉक चाललेत, पोटावर पिवळं बदक. मला पाच नंबर. आमचे सुपरवायझर तंगवेलअण्णा आल्या आल्या म्हणाले, इन्बा, केस काप, नाहीतर बदकाच्या जागी तुझाच झुपका शिवला जाईल. नऊ नंबरवर सेंबगमअक्का. हसली की मशीनचा आवाज ऐकू येत नाही.

५ जून, बुधवार
हात शिवशिवतायत. सगळ्यांच्या स्क्रीनवर चिठ्ठी उमटेल असा एक प्रोग्राम लिहितोय. बारा ठिकाणी तोच टाकायचा, म्हणजे आपण कितव्या नंबरवर आहोत हे त्याचं त्याला कळलं पाहिजे. सोपं वाटलं. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता असतो, आणि आमच्याकडे त्याचा शेवटचा आकडा म्हणजेच खुर्चीचा नंबर.

पण कॉम्प्युटरला सरळ विचारलं, तुझा पत्ता काय, तर बाराच्या बारा एकच उत्तर देतात. १२७ वालं. म्हणजे ‘मी माझ्या घरी’. घर कुठंय ते सांगत नाहीत, येडे.

मग नेटवर एकानं युक्ती लिहिलेली सापडली. कुठल्यातरी दुसऱ्या पत्त्यावर जायचं नाटक करायचं. कॉम्प्युटर बाहेर पडायला आपलं दार निवडतो, तेवढ्यात दारावरचा नंबर वाचून घ्यायचा. खरं कुठं जायचं नाही, काही पाठवायचंही नाही. समोर कुणी नसलं तरी चालतं. मी चाळीस नंबर टाकला. चाळीसवर कुणीच नाही.

६ जून, गुरुवार
चाललं! अक्काच्या स्क्रीनवर आलं, ‘नऊ नंबर, वेणी सुटलीय.’ तिनं खरंच मागं हात नेला. मग दोऱ्याचं रीळ माझ्या डोक्यात. माकडा, तुझ्या लग्नात तुझ्याच पानात मीठ वाढते बघ, म्हणाली. अण्णांना आलं, ‘एक नंबर, पोट आत घ्या.’ त्यांनी घेतलं. आख्खी खोली लोळत होती.

१० जून, सोमवार
माझ्या स्क्रीनवर चिठ्ठी. ‘पाच नंबर, कोण आहे?’

हे वाक्य मी लिहिलेलं नाही. म्हटलं अक्कानं उट्टं काढलं. ती म्हणाली, अरे, मला तुझं ते खेळणं उघडतासुद्धा येत नाही. चिठ्ठीखाली पाठवणाऱ्याचा नंबर येतो, तो मी नंतर बघितला. चाळीस. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, बारानंतर वायरच नाही, कुणाला देऊ चाळीस, तुझ्या सासऱ्याला?

१२ जून, बुधवार
माझ्या मशीनवरच्या फ्रॉकवर बदकाच्या पोटात पिवळ्या दोऱ्यानं ५ शिवलेला. सगळ्या फ्रॉकवर. बदकाची फाइल उघडून पाहिली, आत फक्त बदक. अण्णा इतके ओरडले की खालच्या कटिंगवाल्या बायका वर आल्या.

मी हसण्यावारी नेलं. पण चिठ्ठी पुन्हा आली. ‘दार वाजवलंस ना. आलो. कुठं आहेस?’

मी काही वाजवलं नव्हतं. नाटक होतं ते.

१३ जून, गुरुवार
अक्काला म्हटलं, जागा बदलू, माझ्या डोळ्यावर ऊन येतं. ती म्हणाली, नवरीसारखा तोंड झाकून बस मग. पण उठली. स्वतःचा डबा, पाण्याची बाटली घेऊन पाचवर गेली. ऊन येत नाही तिथं. तिला काहीच सांगितलं नाही मी.

१४ जून, शुक्रवार
अक्काच्या बोटातून सुई आरपार गेली. मशीन बंद होतं. ती दोरा ओवत होती. मशीन बंद होतं, मी बघितलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सांगत होती, कुणीतरी हात धरला. उलटासुलटा करून बघितला, कुणाचा आहे ते. मग सोडून दिला. अण्णा म्हणाले, भीतीनं असं वाटतं.

मी खाली मान घालून उभा.

१५ जून, शनिवार
बाराही कॉम्प्युटरवरून प्रोग्राम पुसला. तरी मी आता बसतो त्या नऊच्या फ्रॉकवर ९.

अक्काकडे गेलो, सगळं सांगितलं. वाटलं शिव्या देईल. तिनं पट्टी बांधलेलं बोट मांडीवर घेतलं. मग म्हणाली, म्हणजे ते तुला शोधतंय, माकडा. गाव सोड. आणि कुठं जातोस ते मलासुद्धा सांगू नकोस.

१६ जून, रविवार, दुपार
दिंडुक्कलला आलो. लॉजवर. कॉम्प्युटर नाही, वायर नाही. परोट्टा खाल्ला. बरं वाटलं.

जरा वेळानं
अक्काचा मेसेज आला, धाकट्या भावाला लिहावं तसा. तंबी, पोचलास का, खोली कितवी? हायसं वाटलं. लिहिलं, चौदा.

नंतर
अक्काचा फोन — नवऱ्याच्या नंबरवरून. म्हणाली, माझा फोन शुक्रवारपासून कारखान्यातच राहिलाय, ड्रॉवरमध्ये, तुझं कसं चाललंय म्हणून—

ती मला तंबी म्हणत नाही. कधीच म्हणाली नाही.

—
कॉलर टोचतेय. आतल्या बाजूनं. पिवळा दोरा. १ झालाय. ४ चालू आहे. सुई दिसत नाही—

—
शर्ट फेकला. खिडकीतून निघतोय. वही इथंच ठेवतो. ज्याला सापडेल त्याच्या पाया पडतो — मी कुठं गेलो कुणाला सांगू नका. रस्त्यानं जाताना दिसलो तरी नाही. अक्काच्या आवाजात विचारलं तरी नाही. मी स्वतः येऊन विचारलं तरी — तरी सांगू नका, कारण आत्ता दारापलीकडून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणतंय, इन्बा, कोण आहे आत, आणि मी जवळजवळ—