लोकरीची चरबी

दर्यापूर, गुरुवार, संध्याकाळ

सासूबाईंच्या फुटलेल्या ओठांना हिवाळाभर मीच मलम लावलं. आज नवी ट्यूब उघडताना तिच्यावर वाचलं, 'लोकरीची चरबी', आणि मोठ्यानं बोलून बसले! त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, अंड्यालाही न शिवणारी बाई.

"तुनं मले मेंढीची चरबी चारली?"

चुळा भरभरून, घासघासून ओठ रक्ताळले. मेंढी मारत नाहीत, लोकर धुतानाच तो चिकटा सुटतो, हे ऐकतंय कोण? देवापुढं आसन टाकून जप सुरू. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आई, ते आसन लोकरीचंच हाय ना?"

त्यांनी खाली पाहिलं. जपमाळ थांबली. ओठावरचं रक्त पुसायचंही भान नाही.

उद्या पूजेला कशावर बसतील?