भिंती माझ्या नावावर

४ जुलै

पहिल्या बाकावर बसले. सर आले — आमचे जावई! ठाऊक होतं, तरी विचित्र वाटलं. हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळले. ओठांवर आलेलं ‘आई’ गिळलं आणि मान खाली घालून पुढे गेले. लग्न ठरलं तेव्हाच लेकीला म्हटलं होतं, मुलगा गुणी आहे, पण कणा कुठाय?

प्राचार्यांनी बजावलंय — या सत्रात इमारतींचं हे नवं सॉफ्टवेअर शिकून पास व्हा, नाहीतर तुम्ही शिकवता तो ड्रॉइंगचा वर्ग दुसऱ्याला. माझा वर्ग!

५ जुलै

इथे रेघ मारत नाहीत. भिंत म्हटलं की भिंतच उभी राहते, विटा-गिलाव्यासकट. माझी जमिनीखाली उभी राहिली.

१९ जुलै

गट पडले. आम्ही तिघं मिळून एकाच मॉडेलवर इमारत उभारायची. भिंती माझ्या. दारं-खिडक्या निळ्या केसांच्या मुलीकडे. जिना त्या कानात सदा इअरफोन घालणाऱ्या मुलाकडे.

नियम असा — जे आपल्या नावावर घेतलं, ते आपण सोडेपर्यंत दुसऱ्याला हलवता येत नाही. उत्तम नियम. आमच्या घरातही हवा होता. ह्यांनी आज पुन्हा माझा चष्मा कुठेतरी ठेवला.

२ ऑगस्ट

इअरफोनवाल्याने माझी भिंत सरकवली! जिना बसेना म्हणून. वर म्हणतो, “चारच इंच, काकू.”

सगळ्या भिंती नावावर घेतल्या. आता हलव म्हणावं.

१२ ऑगस्ट

भिंती झाल्या. सादरीकरण उद्या. डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. फोन बंद करून झोपते.

१३ ऑगस्ट

सकाळी फोन चालू केला. निळ्या केसांवालीचेच निरोप. पहिला, “काकू, भिंती सोडा ना.” शेवटचा नुसता, “काकू.”

दारं-खिडक्या भिंतीतच बसवायच्या असतात. भिंती माझ्या नावावर आणि मी पांघरुणात!

धावत गेले, तोवर आमचा नंबर लागला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावर इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शांतपणे विचारलं, “आत कुठून जायचं?”

पोरांनी माझं नाव घेतलं नाही. मीच उभी राहिले. म्हटलं, “चूक माझी. भिंती मी अडवून ठेवल्या होत्या.” जावई मान खाली घालून लिहीत होते. पोरांना दारं बसवायला संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला.

घरी येते तो लेकीचा फोन. “आई, मी बोलू का त्याच्याशी? तुझा वर्ग जाईल गं.”

खबरदार, म्हटलं. आणि बोलायची गरजच काय? तो कसला सासूला नापास करतोय!

पेपराआडून ह्यांनी विचारलं, “आणि केलं तर?”

चष्मा शोधायला उठले.

२० ऑगस्ट

निकाल लागला. पोरं पास. मी नापास. खाली जावयांची सही — ठसठशीत.

लेक फोनवर रडायलाच लागली. म्हटलं, “रडतेस काय वेडे? नवरा चांगला निवडलायस.”

पुढच्या सत्रासाठी नाव घातलं. त्यांच्याच वर्गात.