दाराला टेकवलेला झाडू

प्रिय वानेस,

सात वर्षांत पहिल्यांदाच तुला हाताने लिहिलेलं पत्र पाठवतेय, तेव्हा आधी सांगते, घाबरू नकोस. आपली फीन ठणठणीत आहे, मीही आहे. फोनवर आपण तिच्या सुट्ट्या आणि विमानाच्या वेळा यांपलीकडे जात नाही, आणि मला जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्याने सांगवणार नाही. तू इथून निघालास त्या मार्चमध्ये गाडीत बॅगा टाकताना तू म्हणाला होतास, "इथल्या लोकांना आपण नकोय, ग्रीट. चार महिन्यांत एक माणूस दारात आला नाही." त्याचं उत्तर मी तुला आजवर दिलं नाही. तेच द्यायला बसलेय, पण धीर गोळा होईपर्यंत जरा इकडचं तिकडचं लिहू दे.

लेक तुझी उंचीने माझ्या वर गेलीय आणि हट्टाने तुझ्या. तळं घट्ट गोठलं की शाळेत स्कीवरून जाते, रस्त्याने गेलं तर म्हणे वेळ फुकट जातो. दर गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप असतं म्हणून कुरकुरते आणि दोन वाट्या पिऊन येते. शिवण आणि सुतारकाम तिथे मुलामुली सगळ्यांना शिकावंच लागतं. शिवणात ती दिव्य आहे, पण तिने बर्चच्या लाकडाचं एक स्टूल केलंय, त्याचे सांधे बघून मास्तरांनी विचारलं, घरात कोण सुतार आहे का? ते स्टूल मी स्वयंपाकघरात ठेवलंय आणि त्यावर कुणाला बसू देत नाही.

मी अजून घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा धुते, रक्तदाब बघते, त्यांची कॉफी पिते. चार वाजले की काम संपतं, आणि त्यानंतर कुणी कामाचा फोन केलाच तर करणाराच ओशाळतो. गेंटच्या इस्पितळात माझे काय हाल होते आठव. फीन जागी असताना आपल्याला दिसायची ती दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास. त्याच एका गोष्टीसाठी आपण तिथलं सगळं आवरून इथे उत्तरेत, काइनूच्या या खेड्यात आलो होतो, आणि वानेस, ते आपलं चुकलं नव्हतं. ऑगस्टमध्ये आम्ही दोघी कुणाच्याही रानात शिरून बादलीभर जांभळ्या बेरी वेचून आणतो, कोण गं तू म्हणून विचारत नाही कुणी. नोव्हेंबर मात्र मला आजही रडवतो, ते तुझ्यापासून लपवणार नाही.

आणि माणसं म्हणशील तर, ती कमी बोलतात, पण म्हणून कोरडी नाहीत रे. समोरचा तावनो आठवतो ना, ज्याला तू दगड म्हणायचास? दोन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून माझा घोटा मोडला, तेव्हा तीन आठवडे रोज सकाळी फोडलेली लाकडं दाराशी रचलेली असायची. आभार मानायला गेले तर म्हणाला, रिकामं बसवत नाही म्हणून केलं. त्याची बायको हिल्का शनिवारी मला वाफेच्या स्नानाला, सौनात ओढून नेते आणि माझ्या फिनिश बोलण्याची मनसोक्त टर उडवते.

आता मुद्द्याचं. इथे घरांना कुलपं लावत नाहीत. घरात कुणी नसलं की बाहेरून दाराला झाडू टेकवून जातात. येणाऱ्याने समजायचं आणि परत फिरायचं. हे लहान पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच बहुधा आपल्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही. मी काय करायचे? रोज सकाळी पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ झाडायचे, झाडू नीट दाराला टेकवायचे आणि लाकडांच्या बाजूच्या दाराने आत यायचे. तू होतास ते चारही महिने, आणि तू गेल्यावरही, रोज, अगदी शिस्तीत.

मला ते कळलं ईस्टरच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी इथली मुलं सजवलेल्या फांद्या घेऊन शुभेच्छा द्यायला आणि खाऊ घ्यायला घरोघर जातात, तशी फिरत होती, फीनही त्यांच्यात होती. मी चॉकलेटांची ताटली घेऊन खिडकीशी उभी. घोळका आपल्या फाटकापर्यंत आला आणि चक्क परत फिरला. फीन रडत सांगत होती की आई आत आहे, आणि पोरं म्हणत होती, छे, झाडू आहे ना. मी तणतणत हिल्काकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अगं, धुराड्यातून धूर, घरात दिवा आणि दाराला झाडू. आम्हाला वाटलं, तुम्हालाच कुणी नकोय. तावनो तीनदा मासे घेऊन आला आणि माघारी गेला."

आज गावात हा किस्सा हसत हसत सांगतात, मीही सांगते. पण सांगताना एक गोष्ट नेहमी गाळते. तू जाऊन तेव्हा फक्त पाच आठवडे झाले होते. मी त्याच संध्याकाळी तुला फोन करू शकले असते. केला नाही. तू सोडून गेलास याचा राग होता, आणि चूक माझी निघाली याची लाज त्याहून मोठी होती. मग आठवडे गेले, वर्षं गेली, आणि तुला इथली थंडी झेपली नाही, हेच सगळ्यांना सांगत राहिले. फीनलाही.

गेल्या महिन्यात हिल्काकडे कॉफी घेताना फीन सगळ्यांसमोर सहज म्हणाली, "आमचा बाबा एका हिवाळ्यात पळाला." सगळे हसले. मी कप खाली ठेवून उठले. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. दोन दिवस ती ताट उचलून स्वतःच्या खोलीत जाऊन जेवली. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "बाबाला माहितीय?" नाही म्हटलं, तर कागद आणि पेन माझ्यासमोर आणून ठेवलं. जूनमध्ये ती तुझ्याकडे येईल, तिला परत सोडायला या वेळी तूच ये. रागावून आलास तरी चालेल. ये म्हणायचा हक्क मी घालवलाय, तरी म्हणते. या गावाला तू कधीच नकोसा नव्हतास, वानेस. मलाही नव्हतास, आणि आजही नाहीस.

तुझीच,
ग्रीट