नाल्यापलीकडची अंगणवाडी

पौर्णिमाचे बाबा,

वारासिवनीच्या जनपद पंचायतीच्या बैठकीले आज मीच चालली. सांगून निघाली असती तर तुम्ही गाडी काढून संग आले असते. सरपंच मी आहो, पण मागच्या बैठकीले तुम्ही गेले आन् साहेबानं चहा पाजल्याबरोबर आपली अंगणवाडी नाल्यापलीकडे द्यायले हौ म्हणून आले. राग नाही, तुमचा स्वभावच भिडस्त. पण पुरात लेकरं तिकडे जातीन कशे? तो ठराव आज बदलवूनच येईन.

भात कुकरात आहे. चार वाजता माझ्या बचत गटाची बैठक आहे, तिथं माझ्या जागी तुम्ही बसा. बाया हसतीन, हसू द्या. रजिस्टरवर माझी सही करा, तुम्हाले ती माझ्यापेक्षा चांगली येते.

पुष्पलता