तीन सेकंद

४ मार्च

चि. मिठूस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, कारण डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. घाबरू नकोस. डोळ्यातला पडदा सुटला होता, डॉक्टरांनी तो परत चिकटवला. दिसेल म्हणतात. सुईत दोरा ओवता येईल का, ते महिन्याभरात कळेल. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता माझंच शिवणकाम झालं.

घडलं असं. मंगळवारी सकाळी कॉलरला टीप घालत होते, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून काळी सावली चढायला लागली. असं झालं तर त्याच दिवशी फोन करा, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. केला. पण दवाखान्यात हल्ली माणूस फोन उचलत नाही, यंत्र उचलतं. गोड आवाजात नाव विचारतं, त्रास विचारतं. माझं तुला ठाऊकच आहे. ‘डोळा’ म्हणायला गेले आणि ‘ड’वरच गाडी रुतली. आवाज ऐकू आला नाही, धन्यवाद, असं म्हणून यंत्राने फोन ठेवला. अकरा वेळा, मिठू. शेजारी सगळे कामावर गेलेले. शेवटी कागदावर ‘डोळ्यापुढे पडदा’ असं लिहिलं आणि बस धरली. तर तिथे काउंटरवरही तेच यंत्र! कागद धरून मी खांबासारखी उभी. लादी पुसणाऱ्या बाईंनी तो वाचला, बादली खाली ठेवली आणि माझा हात धरून मला थेट आत नेलं. संध्याकाळ झाली असती तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दोष माझ्याच जिभेचा. दुसऱ्याला बोल लावायचा तर आधी बोलता यायला हवं. पण तू यंत्रांना ऐकायला शिकवतेस ना? त्यांना जरा थांबायलाही शिकवता येतं का गं? सहज विचारते.

बोलघेवडे, उत्तर लांबलचक लिही.

तुझी,
आत्या


११ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यात उभ्या उभ्या उघडलं आणि वाचता वाचता पायरीवरच बसले.

माझं काम काय, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुमच्या दवाखान्यातलं ते यंत्र आमच्याच कंपनीचं. कानाला हेडफोन लावून मी दिवसभर अनोळखी माणसांचे आवाज ऐकते. चांगले आवाज एका टोपलीत, खराब दुसरीत. चांगले ऐकून यंत्र शिकतं, खराब त्याच्या कानावरच पडत नाहीत. खराब म्हणजे काय, त्याचा नियम आहे. कुत्र्याचं भुंकणं, गाडीचा हॉर्न. तीन सेकंदांहून लांब शांतता. एकच अक्षर पुन्हा पुन्हा. दोन वर्षं मी हे करतेय आणि आता हात इतका सराईत झालाय, की माणूस अडखळला रे अडखळला की बोट आपोआप दाबलं जातं. किती आत्या मी त्या टोपलीत टाकल्या असतील!

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नियम वरून आलाय आणि आजवर एकही तक्रार नाही. मी विचारलं, तक्रार फोनवरच करायची ना? ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

आणखी एक. लहानपणी दुकानात तू काही मागायला लागलीस की तुझं वाक्य मीच पुरं करायचे. सगळे मला हुशार म्हणायचे. तुला ते आवडायचं का, हे कधी विचारलंच नाही. आज विचारते.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मिठू


३ एप्रिल

चि. मिठूस अनेक आशीर्वाद.

नाही आवडायचं. मला निळा दोरा हवा असायचा, तू हिरवा मागायचीस आणि मी मुकाट्याने हिरवा घेऊन घरी यायचे. पण पाच वर्षांच्या पोरीवर कसला राग धरायचा? झालं ते झालं. डोळा बरा आहे, दोरा तिसऱ्या खेपेला ओवला जातो.

आता माझा पराक्रम ऐक. दवाखान्याच्या बाकावर मी दर शुक्रवारी वही घेऊन बसते. शेजारी पुठ्ठा: ‘फोनवर यंत्राने तुमचं बोलणं तोडलं का? इथे सांगा. मला घाई नाही.’ पहिल्या दिवशी वॉचमनने उठवायचा प्रयत्न केला. मी कारण सांगायला लागले, ते संपेपर्यंत त्याची ड्यूटीच संपली!

पहिले आले एक मास्तर, अर्धांगवायूने तोंड वाकडं झालेलं. मग एक सुतार. घशाचं ऑपरेशन झालंय, गळ्याच्या भोकावर बोट ठेवून बोलतात. मग एक कॉलेजातली मुलगी, माझ्यासारखीच, तीही ‘ड’वर अडणारी. मिठू, साठ वर्षांत असं माणूस मी फक्त आरशात बघितलं होतं. आजवर त्रेसष्ट जण झाले. एवढी माणसं याच गावात, याच बाजारात वावरत होती आणि मला पत्ता नव्हता. सगळी गप्प, म्हणून दिसतच नव्हती.

तुझं टोपल्यांचं पत्र मी मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, मग आमचे आवाज चांगल्या टोपलीत घ्या. तेव्हापासून माझ्या शिवणाच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये बसून, एकेक जण मोबाइलवर बोलून जातो. प्रत्येकाची लेखी परवानगी घेतलीय. सगळं पाठवते. जपून ऐक.

तुझी,
आत्या


२१ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सगळे ऐकले. दोन वर्षांत पहिल्यांदाच बटणावरचं बोट बाजूला ठेवून ऐकले. मला वाटायचं, शांतता म्हणजे रिकामी जागा. तशी ती नसते गं. मास्तरांच्या एका वाक्याला चाळीस सेकंद लागतात आणि त्या सगळ्या वेळात आत काहीतरी उचललं जात असतं, विहिरीतून भरलेली घागर वर यावी तसं. साहेबांना ऐकवलं. ते उभे होते, मास्तरांचं वाक्य संपेपर्यंत खुर्चीत बसायचं विसरले.

मग तुझा फोन कुठल्या नियमाने तुटला, ते आम्ही दोघांनी शोधून काढलं. मला वाटलं होतं, त्यामागे मोठं शास्त्र असेल. आत्या, तिथे नुसता एक आकडा आहे. माणूस थांबला की किती सेकंदांनी फोन ठेवायचा, त्या चौकोनात कुणीतरी कधीतरी ‘३’ लिहिला. का लिहिला, कुणालाच आठवत नाही. त्या एवढ्याशा आकड्यावर तुझा डोळा टांगलेला होता.

साहेब म्हणतात, दवाखान्याच्या समितीने लेखी मागितलं तर आकडा बदलता येईल आणि मध्येच माणसाला जोडून देण्याची सोयही करता येईल. दहा मेच्या बैठकीला वेळ मागून घे. मी येते. तुझ्यासाठी बोलायला नाही, मागे बसायला.

आशीर्वादाचा हात असू दे डोक्यावर.

तुझी,
मिठू


१२ मे

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचले. तिथे काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

अध्यक्षबाईंनी तुला दोन मिनिटं दिली. तू उभी राहिलीस. ‘मी अकरा वेळा फोन केला,’ इथवर आलीस. ‘अकराही वेळा मी,’ इथे आलीस आणि ‘ब’वर थांबलीस. पुढचा शब्द मला माहीत होता. आयुष्यात कधी नव्हे एवढे दात मी ओठांत रुतवले. पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी हातातलं पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंची नजर घड्याळाकडे गेली आणि तिथून परत तुझ्याकडे आली, ती हललीच नाही. चाळीस माणसं, आत्या, एका अक्षरापाशी श्वास रोखून थांबली होती. आणि मग तू म्हणालीस की अकराही वेळा तू बोलत होतीस.

दुसरं काही सांगायची गरजच राहिली नाही. तुला मी जन्मल्यापासून ओळखते असं समजत होते. परवा पहिल्यांदा ऐकलं.

तुझी,
मिठू


२ जून

चि. मिठूस उदंड आशीर्वाद.

पुरे झालं कौतुक.

कालपासून यंत्र थांबायला लागलं. सावकाश बोला असं आधीच सांगतं, आणि तरीही जमलं नाही तर माणसाला जोडून देतं. लादी पुसणाऱ्या बाई सांगत होत्या, काल सबंध दिवस फोन खणखणत होता.

आमच्या सुतारांनीही केला. दुखत खुपत काही नव्हतं, नुसतं बघायला. यंत्र थांबलं, थांबलं, थांबलंच. यांच्याजवळ सांगायला काही नाही! शेवटी पलीकडे एक बाई आल्या आणि काय त्रास होतोय म्हणून त्यांनी विचारलं. सुतार ओशाळले. गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, त्रास काही नाही, कुणी थांबतं का, एवढंच बघायचं होतं. मग दोघंही बराच वेळ गप्प. सुतार सांगतात, त्या बाईंनीही फोन ठेवला नाही.

तुझी,
आत्या