ढमीचे केस कुणी कापले

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात ढमीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आता कामावर पळते.

तिचे केस तुम्ही कापले नव्हते. आपली ही म्हातारी गिनीपिग स्वतःच कुरतडते. डॉक्टर म्हणाले, "डोक्यावरचे, मानेवरचे शाबूत आहेत बघा. तिथे तिचं तोंड पोचत नाही." एवढं मला दिसू नये? चाळीस वर्षं सलून चालवलेला माणूस असे ओबडधोबड केस कापेल का, हेही सुचलं नाही. सगळ्यांसमोर तुमच्यावर आळ घेतला, वर कात्री कुलपात टाकली.

तिचं पोट दुखतंय. ती ओरडत नाही, दुखतं तिथलेच केस खात बसते. तुम्हीही चार दिवस गुपचूप जेवून खोलीत जाताय.

औषध फ्रीजच्या दारात आहे. दुपारी बिनसुईच्या पिचकारीने अर्धा मिली, गालाच्या कडेने द्या. मला चावली, तुमच्या हातून घेईल.

कात्री तेल लावून टेबलावर ठेवली आहे. सहाला येते. माझे केस फार वाढलेत, कापून द्या. मान तुमच्या हातात असेल, तेव्हा काय सुनावायचं ते सुनावा.

तुमची सून